कार्थेजचे बिशप सिप्रियान : भीतीपोटी ढळलेल्यांना परतीची वाट देणारे धर्मनेते

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती समाजापुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. सम्राटाच्या हुकमामुळे असंख्य ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने रोमन देवतांपुढे आहुती दिली होती. छळाची लाट ओसरू लागताच त्यांपैकी अनेक जण चर्चच्या दाराशी परत आले. त्यांना आत घ्यावे की नाही, घ्यायचे तर कोणत्या अटीवर आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असे ते तीन पदरी कोडे होते. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचे बिशप सिप्रियान यांच्या जेमतेम दहा वर्षांच्या कारकिर्दीचा गाभा म्हणजे हे कोडे सोडवण्याची धडपड होय.

कॅथलिक पंथाच्या दिनदर्शिकेत १६ सप्टेंबर हा दिवस पोप कॉर्नेलियस आणि सिप्रियान या दोघांच्या संयुक्त स्मरणाचा मानला जातो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत सिप्रियान, सिप्रियानो ही नावे आजही ऐकू येतात. मात्र ज्यांच्यावरून हे नाव रूढ झाले, त्या धर्मनेत्याची ओळख नावापलीकडे फारशी नसते.

कार्थेज नगरी आणि पूर्वायुष्य

कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशिया देशातील ट्युनिस शहराला लागून असलेले प्राचीन बंदर. इ. स. पू. १४६ मध्ये रोमने हे शहर उद्ध्वस्त केले आणि पुढे ज्युलियस सीझर व ऑगस्टस यांच्या काळात ते नव्याने वसवले. तिसऱ्या शतकापर्यंत लॅटिन भाषक प्रदेशांत रोमखालोखाल मोठे शहर अशी त्याची ख्याती झाली होती. प्रोकॉन्सल हा रोमन सुभेदार येथूनच आफ्रिका प्रांताचा कारभार पाही. लॅटिन भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाची सुरुवातही प्रामुख्याने याच शहरात झाली. टर्टुलियन हा पहिला मोठा लॅटिन ख्रिस्ती लेखक इथलाच.

सिप्रियान यांचे पूर्ण नाव थॅशियस कॅसिलियस सिप्रियानस. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी एका सधन, बिगरख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांनी नाव मिळवले होते. त्या काळी न्यायालय, दरबार आणि सार्वजनिक जीवन या तिन्ही ठिकाणी वक्तृत्वाला मान असल्याने अशा शिक्षकाचे समाजातील स्थान मोठे असे. एका वयोवृद्ध धर्मगुरूच्या सहवासातून इ. स. २४६ च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मगुरूने मरतेसमयी आपली पत्नी आणि मुले सिप्रियान यांच्या हवाली केली, असे त्यांचा चरित्रकार पॉन्शियस सांगतो.

दीक्षा घेताच सिप्रियान यांनी आपली बरीचशी मालमत्ता विकून गोरगरिबांत वाटली. टर्टुलियनचे ग्रंथ ते रोज वाचत आणि ते मागताना त्याचा उल्लेख 'गुरू' असा करत, अशी आठवण संत जेरोम यांनी नोंदवून ठेवली आहे. दीक्षेनंतर दोन-तीन वर्षांतच, इ. स. २४८ च्या अखेरीस किंवा २४९ च्या आरंभी, लोकांच्या आग्रहाने ते कार्थेजचे बिशप झाले. नवख्या माणसाला एवढे मोठे पद मिळाल्याचा सल पाच ज्येष्ठ धर्मगुरूंच्या मनात राहिला. पुढच्या संघर्षात हा विरोध वारंवार उफाळून आला.

डेशियसचा हुकूम आणि आहुतीचे दाखले

इ. स. २४९ मध्ये डेशियस सम्राट झाला. सीमांवर आक्रमणे, सैन्यात बंडाळी आणि तिजोरीत खडखडाट अशी साम्राज्याची अवस्था होती. देवता कोपल्या आहेत, त्यांना संतुष्ट केले पाहिजे, या भावनेतून त्याने साम्राज्यातील सर्व रहिवाशांनी देवतांना आहुती द्यावी असा हुकूम काढला. प्रत्येकाने नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर यावे, अर्घ्य द्यावे, बळीचे मांस चाखावे आणि तसा लेखी दाखला घ्यावा, अशी ही पद्धत होती.

हे दाखले केवळ ग्रंथांतून ठाऊक आहेत असे नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत आणि त्यांवरील तारखा इ. स. २५० च्या उन्हाळ्यातील आहेत. अर्जदाराचे नाव व गाव, आपण सदैव देवतांना आहुती देत आलो असल्याचे निवेदन, आता आपल्यासमक्ष आहुती दिल्याची नोंद आणि खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या, असा त्यांचा ठरलेला मसुदा आढळतो. त्यांतील एक दाखला तर मगररूपी देवतेच्या एका पुजारिणीचा आहे. म्हणजे हुकूम केवळ ख्रिस्ती लोकांपुरता नव्हता, तो सर्वांनाच लागू होता. पण एकाच देवाला मानणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी हा कागद म्हणजे धर्मत्यागाचा पुरावा ठरत होता.

कार्थेजमध्ये पहिल्याच फटक्यात मोठी पडझड झाली. शहरातील मुख्य देवालयाकडे लोकांची रीघ लागली. दिवस मावळला म्हणून अधिकारी उद्या या असे सांगत असताना लोक आजच उरकून घ्या म्हणून विनवत होते, असे विदारक चित्र सिप्रियान यांनी 'पतितांविषयी' या निबंधात रेखाटले आहे. काहींनी तान्ही मुलेही कडेवर नेली. काहींनी प्रत्यक्ष आहुती दिली, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी आहुती न देता पैसे चारून फक्त दाखला मिळवला. या सर्वांना मिळून लॅटिनमध्ये 'लाप्सी' म्हणजे पतित, घसरलेले, असे नाव पडले.

सगळेच मात्र डगमगले नाहीत. अनेकांनी तुरुंगवास, उपासमार आणि यातना सोसल्या, काही जण त्यात दगावले. बोना नावाच्या एका स्त्रीला तिच्या नवऱ्याने ओढत वेदीपाशी नेले आणि तिचे हात धरून बळजबरीने आहुती द्यायला लावली. हे कृत्य माझे नव्हे, तुमचे आहे, असे ती तिथेच ओरडून सांगत राहिली. तिला हद्दपार करण्यात आले. तिची हकिगत सिप्रियान यांच्या पत्रसंग्रहातील एका पत्रात आली आहे.

अज्ञातवासातील बिशप

छळ सुरू होताच सिप्रियान शहर सोडून गुप्त ठिकाणी गेले. बिशपला सिंहापुढे टाका, अशा आरोळ्या शहरात उठल्या होत्या. त्यांची मालमत्ता जप्त झाली. आपण शहरात राहिलो तर सरकारी रोष अधिक भडकेल आणि त्याची झळ सगळ्या समाजाला बसेल, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षाहून अधिक काळ ते अज्ञातवासात राहिले आणि पत्रांच्या आधारे कार्थेजचा कारभार चालवत राहिले.

त्यांच्या या निर्णयावर टीका झाली. रोमचे बिशप फेबियन हे जानेवारी २५० मध्ये छळाला बळी पडले होते. त्यामुळे रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला लिहिलेल्या पत्रात कळप सोडून पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाकडे सूचक बोट दाखवले. सिप्रियान यांनी ते पत्र रोमला परत पाठवले आणि हस्ताक्षर, मजकूर व कागद पाहता ते खरोखर आपलेच आहे ना, अशी विचारणा केली. पुढे त्यांनी अज्ञातवासात लिहिलेल्या आपल्या तेरा पत्रांच्या नकला रोमला धाडून आपण कर्तव्य टाळले नसल्याचे दाखवून दिले.

ही बाजू लक्षात घेतल्याखेरीज पुढचा पेच उमगत नाही. जो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला, त्यानेच इतरांच्या भीतीचा न्याय करावा, अशी ही परिस्थिती होती.

परतीचा मार्ग

तुरुंगात यातना सोसूनही श्रद्धा न सोडलेल्यांना ख्रिस्ती समाजात अपार मान होता. पतितांनी त्यांच्याकडे धाव घेतली आणि त्यांच्याकडून क्षमेची शिफारसपत्रे मिळवली. हळूहळू त्या पत्रांचा सुकाळ झाला. अमुक एकाला त्याच्या माणसांसह सामावून घ्यावे, अशा मोघम शब्दांत ती दिली जाऊ लागली. या माणसांत किती जण येतात याला धरबंद नव्हता. कार्थेजमधील काही धर्मगुरू अशा पत्रांवर लगेच पवित्र प्रसाद देऊ लागले. सिप्रियान यांनी याला ठाम विरोध केला. हुतात्म्यांचा मान मोठा, पण अपराधाची कबुली, प्रायश्चित्त आणि बिशपचा निर्णय या पायऱ्या गाळून कोणालाही आत घेता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

इ. स. २५१ च्या ईस्टरनंतर ते कार्थेजला परतले आणि त्यांनी आफ्रिकेतील बिशपांची परिषद बोलावली. सरसकट माफी नाही आणि सरसकट बहिष्कारही नाही, असा निर्णय झाला. ज्यांनी फक्त दाखला घेतला होता, त्यांची प्रकरणे एकेक करून तपासावीत आणि प्रायश्चित्तानंतर त्यांना सामावून घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष आहुती दिली, त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मृत्यू जवळ आल्यास त्यांना प्रसाद द्यावा.

यामागचा विचार अँटोनियानस नावाच्या एका बिशपला लिहिलेल्या विस्तृत पत्रात आढळतो. हुकूम निघताच धावत जाऊन आहुती देणारा आणि पुष्कळ काळ झगडून अखेर नाइलाजाने वाकलेला, हे दोघे सारखे नाहीत. स्वतःबरोबर सगळ्या घरादाराला ओढून नेणारा आणि बायको-मुले वाचावीत म्हणून एकट्यानेच तो कलंक पत्करणारा, हेही सारखे नाहीत. अशा माणसाने आपल्या घरात परागंदा झालेल्यांना आसरा दिलेला असू शकतो. आहुती द्यायची नाही एवढे ठाऊक होते म्हणून पैसे भरून दाखला घेतला, त्यातही पाप आहे हे कळले नाही, असे सांगणाऱ्याचा हेतूही पाहिला पाहिजे. अपराधाचे नाव एक असले तरी प्रत्येकाची कहाणी वेगळी असते आणि निवाडा करणाऱ्याने ती ऐकली पाहिजे, हा या पत्राचा आशय.

या मधल्या वाटेमुळे दोन्ही बाजू नाराज झाल्या. झटपट माफी हवी असलेल्या गटाने कार्थेजमध्ये फॉर्च्युनेटस याला वेगळा बिशप म्हणून उभे केले. उलट रोममध्ये नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूने पतितांना कधीच परत घेऊ नये असा आग्रह धरला आणि रीतसर निवडले गेलेले बिशप कॉर्नेलियस यांच्या विरोधात स्वतःला बिशप घोषित केले. त्याच्या अनुयायांनीही कार्थेजमध्ये आपला बिशप नेमला. एका शहरात तीन बिशप अशी स्थिती आली. सिप्रियान यांनी कॉर्नेलियस यांची बाजू घेतली. 'चर्चच्या ऐक्याविषयी' हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध निबंध याच काळातला. बिशपांचे ऐक्य हेच चर्चच्या ऐक्याचे दृश्य रूप होय, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले.

दोन वर्षांत परिस्थिती पुन्हा बदलली. नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच सिप्रियान यांच्यासह ४२ बिशपांनी प्रायश्चित्त करत असलेल्या सर्वांना सामावून घेण्याचे ठरवले. संकटाला सामोरे जाणाऱ्यांना बळ न देताच रणात उभे करणे योग्य नव्हे, असे त्यांनी रोमला कळवले. आपलाच निर्णय परिस्थिती पाहून सौम्य करण्याची तयारी सिप्रियान यांनी दाखवली.

महामारी आणि समाजसेवा

याच सुमारास साम्राज्यात एक भीषण साथ पसरली. जुलाब, उलट्या, ताप, लालबुंद डोळे, घशात व्रण, हातापायांची हानी, बहिरेपण आणि अंधत्व अशी तिची लक्षणे सिप्रियान यांनी 'मर्त्यतेविषयी' या निबंधात वर्णिली आहेत. त्यामुळे इतिहासात ती 'सिप्रियानची महामारी' म्हणून ओळखली जाते. हा रोग नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.

लोक आप्तांनाही घराबाहेर टाकून पळत होते. रस्त्यांवर प्रेते पडली होती. सिप्रियान यांनी ख्रिस्ती समाजाला एकत्र करून कामे वाटून दिली. श्रीमंतांनी पैसा द्यावा, गरिबांनी श्रम द्यावेत आणि शुश्रूषा केवळ आपल्या माणसांची न करता सर्वांची करावी, असे त्यांनी सांगितल्याचे पॉन्शियस लिहितो. ज्या शहराने काही काळापूर्वी त्यांना सिंहापुढे टाकण्याची मागणी केली होती, त्याच शहराची ही सेवा होती. साथ, दुष्काळ आणि युद्धे यांचे खापर ख्रिस्ती लोकांवर फोडणाऱ्या डेमेट्रियानस नावाच्या टीकाकाराला त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून उत्तर दिले.

न्युमिडिया भागात लुटारू टोळ्यांनी ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना पळवून नेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजकरांनी एक लाख सेस्टर्स एवढी मोठी रक्कम उभी केली. सिप्रियान यांनी ती तेथील आठ बिशपांकडे देणगीदारांच्या यादीसह पाठवली.

रोमशी मतभेद

इ. स. २५५ च्या सुमारास नवा वाद पेटला. फुटीर गटांत बाप्तिस्मा घेतलेला माणूस मूळ चर्चमध्ये आला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा काय? चर्चबाहेर संस्कार होऊच शकत नाही, म्हणून द्यावा, असे सिप्रियान यांचे मत. रोमचे बिशप स्टीफन यांच्या मते जुन्या परंपरेनुसार मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करणे पुरेसे होते. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजमध्ये ८७ बिशप जमले आणि त्यांनी एकमुखाने सिप्रियान यांना पाठिंबा दिला. परिषदेच्या आरंभीच सिप्रियान यांनी स्पष्ट केले, की येथे कोणीही इतर बिशपांवर धाकदपटशा करणार नाही आणि वेगळे मत मांडणाऱ्याला बहिष्कृतही केले जाणार नाही.

स्टीफन यांनी मात्र आफ्रिकेच्या शिष्टमंडळाला भेटही नाकारली. इ. स. २५७ मध्ये स्टीफन यांचे निधन झाले आणि नव्या छळामुळे हा वाद अर्धवट राहिला. पुढे पाश्चात्य चर्चने या मुद्द्यावर रोमचेच मत मान्य केले. पतितांच्या प्रश्नात लवचीक ठरलेले सिप्रियान येथे कठोर ठरले आणि चर्चच्या परंपरेने त्यांचे हे मत स्वीकारले नाही.

हद्दपारी आणि हौतात्म्य

सम्राट व्हॅलेरियनच्या हुकमानुसार ३० ऑगस्ट २५७ रोजी प्रोकॉन्सल पॅटर्नस याने सिप्रियान यांची चौकशी केली. शहरातील इतर धर्मगुरूंची नावे सांगा, असे त्याने फर्मावले. चहाड्या करण्यास तुमच्या कायद्यानेच बंदी आहे, याची आठवण देऊन सिप्रियान यांनी नावे सांगण्यास नकार दिला. त्यांना कुरुबिस या किनाऱ्यावरील गावी, म्हणजे आजच्या ट्युनिशियातील कोर्बा येथे, हद्दपार करण्यात आले.

पुढील वर्षी अधिक कडक हुकूम निघाला. बिशप, धर्मगुरू आणि डीकन यांना थेट मृत्युदंड द्यायचा होता. रोमचे बिशप दुसरे सिक्स्टस ६ ऑगस्ट २५८ रोजी मारले गेले. सिप्रियान एव्हाना कार्थेजजवळच्या आपल्या बागेत परतले होते. त्यांना युटिका शहरी नेण्यासाठी शिपाई येत आहेत असे कळताच ते पुन्हा काही काळ लपले. या वेळचे कारण निराळे होते. बिशपने आपल्याच शहरात, आपल्याच लोकांसमोर मरण पत्करावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी आपल्या अखेरच्या पत्रात लिहून ठेवली. प्रोकॉन्सल कार्थेजला येताच ते प्रकट झाले.

१३ सप्टेंबरला त्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, आजारी असलेल्या गॅलेरियस मॅक्सिमस या प्रोकॉन्सलने त्यांची थोडक्यात चौकशी करून शिरच्छेदाची शिक्षा वाचून दाखवली. सिप्रियान यांनी देवाचे आभार मानले. वधस्थळी मोठा जमाव लोटला होता, काही जण झाडांवर चढले होते. सिप्रियान यांनी अंगावरील वस्त्र काढून डीकनांच्या हाती दिले आणि मारेकऱ्याला २५ सुवर्णनाणी देण्यास सांगितले. डोळ्यांवर पट्टी त्यांनी स्वतःच बांधली. हात मात्र स्वतःला बांधता येईनात, तेव्हा एका धर्मगुरूने व एका उपडीकनाने ते बांधले. त्यांचे रक्त टिपण्यासाठी लोकांनी पुढ्यात कापडे पसरली. रात्री मशाली आणि मेणबत्त्यांच्या उजेडात त्यांचा देह मिरवत नेऊन दफन करण्यात आला. हौतात्म्य पत्करणारे ते कार्थेजचे पहिले बिशप ठरले.

वारसा

सिप्रियान यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात पॉन्शियस या त्यांच्या डीकनाने लिहिलेले चरित्र लॅटिन ख्रिस्ती वाङ्मयातील पहिल्या चरित्रांपैकी एक मानले जाते. त्यांच्या पत्रसंग्रहात ८१ पत्रे आहेत. त्यांतील बरीचशी त्यांची स्वतःची, तर काही त्यांना आलेली आहेत. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती समाज प्रत्यक्षात कसा चालत होता हे सांगणारे इतके जिवंत साधन दुसरे क्वचितच सापडेल.

चौथ्या शतकात आफ्रिकेत डोनेटस पंथीयांची फूट पडली, तेव्हा दोन्ही बाजूंनी सिप्रियान यांच्यावर हक्क सांगितला. पुनर्बाप्तिस्म्याचे त्यांचे मत डोनेटस पंथीयांनी उचलून धरले. उलट संत ऑगस्टीन यांनी दाखवून दिले, की सिप्रियान यांचे मत चुकले असेल, पण मतभेद असूनही त्यांनी चर्चशी नाते तोडले नाही आणि तेच अनुकरणीय आहे. ऑगस्टीन यांच्या आयुष्यातही सिप्रियान यांचे एक स्मारक डोकावते. इ. स. ३८३ मध्ये तरुण ऑगस्टीन कार्थेजच्या बंदरातून गुपचूप रोमला निघून गेले, त्या रात्री त्यांची आई मोनिका बंदराजवळील सिप्रियान यांच्या स्मृतिमंदिरात प्रार्थना करत होती.

नावाच्या सारखेपणामुळे एक गल्लत नेहमी होते. पोर्तुगाल आणि स्पेनमधील लोकसमजुतींत जादूटोण्याशी जोडला गेलेला सिप्रियान हा अँटिओकचा, दंतकथेतला मांत्रिक. कार्थेजच्या बिशपांशी त्याचा संबंध नाही.

सोळाव्या शतकापासून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत गोव्यातील चर्चमध्ये मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. त्या मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत प्राचीन हुतात्म्यांच्या नामावळीत कॉर्नेलियस यांच्यापाठोपाठ सिप्रियान यांचे नाव उच्चारले जाई. ही दोन नावे शेजारी असण्याला अर्थ आहे. पतितांना कायमचे बाहेर ठेवा, असे म्हणणाऱ्यांविरुद्ध रोम आणि कार्थेजचे हे दोन बिशप एकत्र उभे राहिले होते. घसरलेल्या माणसाला प्रायश्चित्त करून परत येता येते, ही ख्रिस्ती समाजाची रीत पक्की होण्यात त्या दोघांच्या पत्रव्यवहाराचा मोठा वाटा आहे.